सर्व्हर बंद करणं सोपं, परत चालू कोण करणार ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. देवगडला गावच्या घरात आंबा-काजूच्या धंद्याचा एक उबंटूवाला सर्व्हर आहे, जुन्या डेस्कटॉपमध्ये चार डिस्क टाकून केलेला, त्यावर बिलिंगचा पोस्टग्रेस डेटाबेस आणि फाईली, तुम्ही स्वतः डोंबिवलीला. घरात लाईट-पंख्यांसाठी इन्व्हर्टर आहे, आता सर्व्हरसाठी १ केव्हीएचा यूपीएस घेतलाय आणि विचारताय की लाईट येईपर्यंत तग धरायला किती तासांची बॅटरी लावू, आणि आपोआप शटडाऊन कसा करू. मग अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की मध्ये एकदा तुम्ही लांबूनच शटडाऊन दिलात, तो व्यवस्थित झाला, पण लाईट आल्यावर काकांचा फोन, "लाईट इली रे, पण तुझो तो डबो काय चालू जावक नाय."

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा शेवटचा आहे. मी कुडाळला असतो, शाळा, पतपेढ्या, हॉटेलं असल्या ठिकाणची नेटवर्क-सर्व्हरची कामं करतो, आणि आपोआप बंद होणारं मशीन बहुतेक लोक तासाभरात सेट करतात. अडतं ते परत चालू होण्यावर. मालक मुंबईला, घरात म्हातारी माणसं, आणि दर वेळी कुणीतरी जाऊन बटण दाबायचं, मग दोन महिन्यांनी कुणीतरी वैतागून तो आपोआप शटडाऊनच काढून टाकतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी तासांचा विषय संपवू. आपल्याकडे लाईट जाण्याचे दोनच प्रकार असतात असं मी धरून चालतो. एक म्हणजे फांदी तारेला लागली, क्षणभर गेली आली, किंवा दोन-तीन मिनिटांत आली. दुसरा म्हणजे गेली ती गेली, फॉल्ट शोधायला माणूस निघणार, तो डोंगरातून लाईन बघत जाणार, पाऊस चालूच, मग दोन तास की दहा तास ते कुणीच सांगू शकत नाही. आणि तिसरा प्रकार वादळाचा, तो हिशेबातच धरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि मे २०२१ चं तौक्ते तर जमिनीवर आलं गुजरातमध्ये, आपल्या बाजूने समुद्रातून नुसतं गेलं, तरी देवगड-मालवणात पोल आडवे झाले होते हे तुम्हाला मी सांगायला नको. असल्या वेळी कुठली बॅटरी पुरणार? म्हणून यूपीएसचं काम एवढंच, की पहिला प्रकार अंगावर झेलायचा आणि दुसऱ्या प्रकारात सर्व्हरला शांतपणे बंद व्हायला वेळ द्यायचा.

आता तुमच्याकडे वेळ किती आहे ते बघा. १ केव्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या असतात, कागदावर १६८ वॅट-अवर. पण ते ७ एएच म्हणजे २० तासांत सावकाश काढलं तरचे, तुम्ही तासाभरात ओरबाडून काढणार, शिवाय यूपीएसची स्वतःची उष्णता, त्यामुळे हातात ९० च्या आसपास पडतात असं धरा. तुमचा सर्व्हर, राउटर, फायबरचा डबा, छोटा स्विच मिळून १२० वॅट असतील तर नवीन बॅटरीवर पाऊण तास. दोन वर्षांनी त्याचा निम्मा. पॅकिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये यूपीएस ठेवला असेल तर दोन वर्षंसुद्धा जाणार नाहीत, कारण या सीलबंद बॅटऱ्यांचं आयुष्य २५ डिग्रीला धरून सांगितलेलं असतं आणि त्यावर साधारण दर ८ ते १० डिग्रीला ते निम्मं होतं. घरात, चिऱ्याच्या भिंतीच्या सावलीच्या खोलीत ठेवा, जमिनीपासून थोडा वर. आणि एक गोष्ट करू नका, छोट्या यूपीएसला बाहेरून मोठी ट्यूब्युलर बॅटरी जोडू नका. आपल्याकडे हे सर्रास करतात. आतला चार्जर जेमतेम एक-दीड अँपिअरचा असतो, तो मोठी बॅटरी दिवसभरातही भरू शकत नाही, आणि आतला इन्व्हर्टर तासन्‌तास चालायला बनवलेला नसतो, तापून जातो.

म्हणजे वेळ भरपूर आहे, अर्धा तास धरला तरी. सर्व्हर बंद व्हायला किती लागतो ते एकदा मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा, डेटाबेस भरपूर चालू असताना मोजा, रिकामा असताना नको. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटं भरतील.

सॉफ्टवेअर म्हणून मी एनयूटी वापरतो, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, उबंटूच्या रेपोमध्येच मिळतं. एपीसीचा यूपीएस असेल तर एपीसीयूपीएसडी पण छान आहे आणि सेट करायला सोपं आहे, पण पुढे जे सांगणार आहे त्यासाठी एनयूटी बरं पडतं. इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली मोठी गोष्ट म्हणजे तुमचा यूपीएस कॉम्प्युटरशी बोलतो की नाही. आपल्या बाजारातल्या बऱ्याच स्वस्त यूपीएसना यूएसबी पोर्टच नसतो, काहींना असतो. असेल तर केबल लावून एनयूटीमधला नट-स्कॅनर, म्हणजे जोडलेला यूपीएस ओळखणारा प्रोग्राम, चालवा. यूपीएस हिड प्रकारचा, म्हणजे यूएसबीच्या प्रमाण पद्धतीने बोलणारा, निघाला तर यूएसबी-हिड-अप्स हा ड्रायव्हर, त्यात चार्ज, उरलेला वेळ, सगळं नीट मिळतं. जुन्या मेगाटेक पद्धतीचा निघाला तर नट-ड्रायव्हर-क्यूएक्स, त्यात नुसता व्होल्टेज मिळतो आणि टक्केवारी अंदाजे काढलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

एनयूटीची मूळ सवय अशी की यूपीएस बॅटरीवर गेला म्हणून ते शटडाऊन करत नाही, बॅटरी लो झाली असं यूपीएसने सांगितलं की मगच करतं. नवीन बॅटरीवर हे चालतं. जुनी बॅटरी काय करते, की ६० टक्के दाखवता दाखवता एकदम बसते, लोची शिट्टी आणि अंधार एकाच वेळी. म्हणून मी कायम टायमर लावतो. एनयूटीमधला अप्सस्केड नावाचा भाग त्याच्यासाठीच आहे, बॅटरीवर गेला की ५ मिनिटांचा टायमर चालू, मध्येच लाईट आली तर टायमर रद्द, नाही आली तर शटडाऊन. पाचच का, तर वर सांगितलेला पहिला प्रकार तेवढ्यात संपतो, आणि पाच मिनिटांत नाही आली तर मी ती दुसऱ्या प्रकारातली समजतो. शहरात कुणी १५ ठेवत असेल, ठेवू दे. आपल्याकडे पावसात एका संध्याकाळी चार वेळा जाते येते आणि रिकामी झालेली बॅटरी भरायला सहा-आठ तास लागतात, त्यामुळे पहिल्या खेपेलाच सगळी वापरून टाकलीत तर तिसऱ्या खेपेला हातात काही नसतं.

राउटर आणि स्विचही यूपीएसवरच पाहिजेत. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मात्र यूपीएसवर नको, तो इन्व्हर्टरवर ठेवा, तो एनयूटीचं ऐकणार नाही आणि बॅटरी खात बसेल.

आता मुख्य मुद्दा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उबंटूच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानात, एक सेटिंग असतं, लाईट परत आल्यावर मशीनने काय करायचं ते. तिथे तीन पर्याय असतात, बंद राहा, आधी होतास तसा राहा, आणि चालू हो. लोक मधला ठेवतात, वाटतं सगळ्यात शहाणपणाचा तोच. पण नीट शटडाऊन झालेल्या मशीनची आधीची स्थिती "बंद" अशीच नोंदलेली असते ना, मग लाईट आल्यावर ते बंदच राहतं. तुमच्याकडे हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. ते "चालू हो" वर करा.

तेवढ्याने अर्धाच प्रश्न सुटतो. "लाईट परत आली" हे मदरबोर्डला कधी कळतं, तर आधी त्याची लाईट पूर्ण गेली असेल तरच. समजा ५ मिनिटं झाली, शटडाऊन सुरू झाला, सर्व्हर बंद झाला, आणि सहाव्या मिनिटाला लाईट आली. यूपीएसची बॅटरी संपलेलीच नव्हती, त्याचं आउटपुट एक क्षणही बंद पडलेलं नाही, म्हणजे बोर्डाच्या दृष्टीने वीज गेलीच नाही. आता तो जन्मभर तसाच बसून राहील. काकांचा फोन.

यावर एनयूटीचं उत्तर असं की सर्व्हरने बंद होताना अगदी शेवटच्या क्षणी, डिस्क सुटल्यावर, यूपीएसला सांगायचं की थोड्या वेळाने तुझं आउटपुट तोड आणि लाईट असेल किंवा आली की परत दे. ऑफडिले आणि ऑनडिले अशी दोन सेटिंग्ज त्यासाठी आहेत, हिडच्या ड्रायव्हरमध्ये ती मुळात २० आणि ३० सेकंदांची असतात. ऑनडिले कायम ऑफडिलेपेक्षा मोठा पाहिजे, मी तर दोन-तीन मिनिटं ठेवतो, कारण आपल्याकडे लाईट आल्या आल्या परत जाण्याची खोड आहे. चांगला यूपीएस हे सगळं इमानदारीत करतो, लाईट असतानासुद्धा तोडतो आणि परत देतो. स्वस्तातले काही यूपीएस लाईट असेल तर तोडतच नाहीत, आज्ञा घेतात आणि गप्प बसतात. तुमचा कुठल्या जातीचा ते डब्यावर लिहिलेलं नसतं, करून बघावं लागतं. न तोडणारा निघाला तर एनयूटीमध्ये पॉवरऑफ-वेट नावाचं सेटिंग आहे, म्हणजे ठरलेला वेळ वाट बघूनही वीज गेली नाही तर मशीन स्वतःच रीबूट होतं. चालतं, पण माझा त्यावर फार जीव नाही.

तुमच्या घरात मात्र अजून एक भानगड आहे, इन्व्हर्टर. तुम्ही यूपीएस कुठल्या सॉकेटला लावलाय ते लिहिलं नाहीत. इन्व्हर्टरच्या लाईनवर लावला असेल तर यूपीएसला लाईट गेल्याचं कळणारच नाही, त्याला इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट मिळतच राहतात. १५० एएचची एक बॅटरी असेल तर १८०० वॅट-अवर, हातात साधारण १२००-१३००, दोन पंखे, चार दिवे आणि सर्व्हर धरून साडेतीन-चार तास. मग इन्व्हर्टर बसतो आणि तेव्हा कुठे यूपीएसला कळतं. यात वाईट काही नाही, उलट यूपीएसच्या बॅटरीला आराम मिळतो. दोन अटी आहेत. इन्व्हर्टर साईनवेव्हचाच पाहिजे, चौकोनी वेव्हवाला असेल तर बरेच यूपीएस ती वीज मान्यच करत नाहीत, घरात दिवे चालू आणि यूपीएस शिट्ट्या मारत बॅटरीवर. आणि दुसरं, तुम्ही डोंबिवलीत, तुमचा सर्व्हर रात्री तीन वाजता इन्व्हर्टर पिऊन टाकणार आणि काका-काकू पंख्याशिवाय, हे बरं दिसत नाही.

म्हणून तुमच्यासारख्या घरांत मी वेगळी रचना करतो. एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, घ्यायचा, जुना चालेल. त्याला यूपीएसची यूएसबी केबल. त्याच्यावर एनयूटीचा फक्त ड्रायव्हर आणि सर्व्हर भाग चालवायचा, आणि तुमचा मोठा सर्व्हर नेटवर्कवरून, ३४९३ या पोर्टवर, त्याला विचारत राहतो. टायमर, शटडाऊन, सगळं मोठ्या सर्व्हरवर. पाय स्वतः कधीच शटडाऊन होत नाही, बॅटरी पार संपली की तोही विझतो, म्हणून त्याचं मेमरी कार्ड ओव्हरले लावून (म्हणजे नवीन लिहिलेलं कार्डावर न जाता तात्पुरतं मेमरीत राहतं) फक्त-वाचनाचं करून ठेवायचं, मग कितीही वेळा विझला तरी काही बिघडत नाही. आणि पायला चालू करायला बटण दाबावं लागत नाही, वीज आली की तो उठतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

मग पायवर एक छोटी स्क्रिप्ट. लाईट सलग १० मिनिटं आहे आणि सर्व्हर पिंगला (नेटवर्कवरून "आहेस का" अशी हाक) उत्तर देत नाही, तर वेक-ऑन-लॅनचं, म्हणजे बंद मशीनला नेटवर्कवरून उठवणारं, पॅकेट पाठव, परत पाच मिनिटांनी बघ, परत पाठव. झालं. यूपीएसने आउटपुट तोडलं काय, न तोडलं काय, फरक पडत नाही. आउटपुट गेलं नव्हतं तर वेक-ऑन-लॅन उठवेल, पूर्ण गेलं होतं तर बायोसचं "चालू हो" उठवेल. दोन्ही ठेवायचं कारण असं की काही बोर्ड वीज पूर्ण जाऊन आल्यावर एकदा तरी चालू झाल्याशिवाय वेक-ऑन-लॅन ऐकत नाहीत. बायोसमध्ये ईआरपी नावाचं वीज वाचवायचं सेटिंग असेल तर ते बंद करा, नाहीतर बंद मशीनच्या नेटवर्क कार्डाला वीजच मिळत नाही. आणि स्क्रिप्टमध्ये एक खूण-फाईल ठेवा, ती असेल तर उठवू नकोस अशी, कारण कधीतरी तुम्ही डिस्क बदलायला मुद्दाम सर्व्हर बंद कराल आणि कव्हर उघडं असताना हा पठ्ठ्या त्याला उठवेल.

आणि लाईट खरंच गेली हे इन्व्हर्टरमागे बसून कळणार कसं? घरात जे सॉकेट इन्व्हर्टरवर नाही, फ्रिजचं किंवा पंपाचं, तिथे एखादा जुना वायफाय राउटर किंवा स्मार्ट प्लग लावून ठेवा. पायने त्याला पिंग करत राहायचं. तो गायब आणि घरचा मुख्य राउटर मात्र उत्तर देतोय, म्हणजे लाईट गेली. दोन्ही गायब म्हणजे नेटवर्कची भानगड, काही करू नकोस. तो १० मिनिटं गायब राहिला की सर्व्हरला शटडाऊन, आणि उठवण्याच्या स्क्रिप्टमधली "लाईट आहे" ही अटसुद्धा याच्यावरच ठरवा, यूपीएसच्या म्हणण्यावर नको. यूपीएस स्वतः बॅटरीवर गेला तर तो इन्व्हर्टर बसला किंवा ट्रिप झाला असा अर्थ, तिथे ५ मिनिटं थांबायची गरज नाही, एक मिनिट पुरे.

इथपर्यंत विजेचा प्रवाह असा झाला: मेन, इन्व्हर्टर, यूपीएस, आणि यूपीएसवर सर्व्हर, पाय, राउटर, स्विच. पहारेकरी प्लग थेट मेनवर.

अर्थिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण यूपीएस विजेच्या कडकडाटापासून वाचवतो हा लोकांचा समज आहे. आपल्याकडे जांभ्या कातळात अर्थिंगचा खड्डा नीट खोदलेलाच नसतो, आणि एप्रिल-मे मध्ये कातळ सुकला की अर्थिंग नावापुरतं उरतं, नेमकं तेव्हाच वळवाचे गडगडाट. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर खड्ड्याकडे लक्ष द्या, उन्हाळ्यात पाणी घाला. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर आणि त्याच्याबरोबर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले बसवा. वादळात न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा इन्व्हर्टर, यूपीएस, फ्रिज, सगळ्यांचं एकदमच विसर्जन. घर समुद्राजवळ असेल तर बॅटरीच्या टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा आणि यूएसबीची केबल वर्षातून एकदा काढून परत लावा, खाऱ्या हवेत ते टोक गंजतं आणि एनयूटी "डेटा शिळा झाला" म्हणून तक्रार करत राहतं. ती तक्रार यूपीएस बॅटरीवर असतानाच आली तर एनयूटी वाईटात वाईट धरून सर्व्हर बंद करतं, आणि ते बरोबरच करतं.

हे सगळं मिरगाच्या आधी, मे महिन्यात तुम्ही आंब्यासाठी गावी असालच तेव्हा, स्वतः उभं राहून तपासा. तपासताना यूपीएसची पिन भिंतीतून उपटू नका, अर्थ पण सुटतो, सॉकेटचं बटण किंवा एमसीबी बंद करा. पहिली चाचणी सर्व्हरच्या जागी त्याच्या वॅटएवढे साधे पिवळे बल्ब लावून, यूपीएस किती मिनिटं खरंच टिकतो ते बघायला. मग सर्व्हर लावून पूर्ण फेरी, घरचा मेन पाडून. आणि जी चाचणी कुणीच करत नाही ती नक्की करा, शटडाऊन सुरू झाल्यावर मध्येच मेन चालू करायचा आणि हात न लावता बघत बसायचं की सर्व्हर आपला आपण उठतोय का. ती जमली की मग लगोलग दोनदा लाईट घालवून बघा, सर्व्हर बूट होत असतानाच परत गेली तर काय होतं ते. बूट अर्धवट असताना टायमर चालू झालाच नाही असं कधीकधी दिसतं, तेव्हा एनयूटी सुरू होताना आधीच बॅटरीवर असेल तरी टायमर लागेल अशी ओळ त्या स्क्रिप्टमध्ये घालावी लागते.

यूपीएसचं मॉडेल आणि नट-स्कॅनरने काय दाखवलं ते इथे लिहा, इन्व्हर्टर साईनवेव्हचा आहे का तेही. त्यावरून ड्रायव्हर आणि पायवरच्या स्क्रिप्टच्या नेमक्या ओळी देतो. तोपर्यंत बायोसचं सेटिंग तेवढं काकांकडून व्हिडिओ कॉलवर करून घ्या, कुठल्याही खर्चाशिवाय अर्धं काम तिथेच होईल.